एक एमबीच्या खालचं

३ मार्च

एक्केचाळीस हजार दोनशे सहा फोटो. सगळे भेगांचे! माणूस एकही नाही.

दादानं दोन डिस्क आणून टेबलावर आदळल्या. "घे. तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना?" कळतं म्हणजे काय, एका हॉटेलात चार महिने खोल्यांचं बुकिंग बघितलं, आणि एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे पाच महिने मिटलेल्या डोळ्यांचे फोटो वेगळे काढले. झालं माझं शिक्षण. पण दादाच्या लेखी मी रिकामी आहे. रिकामी बहीण घरात दिसली की याला कामं सुचतात.

काम असं – पूल खात्याच्या कचेरीला बाबांचे सगळे फोटो हवेत. बाबांनी सोळा वर्षं पुलांच्या भेगांचे फोटो काढले. दर वर्षी तोच पूल, तोच खांब, तीच भेग. वाढली की नाही, एवढंच बघायचं. आता ते सगळं कचेरीच्या कायमच्या साठ्यात जाणार. पन्नास वर्षं टिकेल असं द्या म्हणतात. पन्नास वर्षं! मी आजवर कुठल्या गावात पन्नास आठवडे टिकले नाही.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. गळ्यावर पातळ रुमाल. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढून टाकली. मी नव्हते. (दादा म्हणतो, फोन होता ना तुझ्याकडे? होता. बंद होता.) आता त्यांच्याकडे पाटीएवढा पांढरा फळा आहे, एक मार्कर आहे, आणि टेबल आहे. एकदा वाजवलं की हो. दोनदा वाजवलं की नाही.

फळ्यावर लिहिलं – किती दिवस?

मी म्हटलं, पंधरा-सोळा.

एकदा वाजवलं.

५ मार्च

कचेरीतल्या इंजिनिअरबाईंचा फोन. प्रत्येक वाक्य पूर्ण करून मगच श्वास घेतात. "कशात देणार आहात?" विचारलं. मी म्हटलं, पेन ड्राइव्हमध्ये.

"तसं नाही. फाइल कुठल्या प्रकारची देणार? मूळ सगळ्या कच्च्या फाइल आहेत ना?"

मग त्यांनी समजावलं. कच्ची फाइल म्हणजे कॅमेऱ्यानं जे जे पाहिलं ते सगळं, काहीही न ठरवता ठेवलेलं. जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानं स्वतःच ठरवून टाकलेलं – एवढा उजेड, एवढा रंग, बाकी फेकून दिलं. मला हे फार आवडलं. दादा जेपेग आहे. मी कच्ची!

हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कच्चीच आहेस. सव्वीस वर्षं झाली, शिजायचं नाव नाही."

तर भानगड अशी की या कच्च्या फाइलची गुरुकिल्ली फक्त कॅमेऱ्याच्या कंपनीकडे. तो कॅमेरा बनवणं त्यांनी केव्हाच बंद केलं. माझ्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षांच्या फाइल उघडतच नाहीत, नुसता करडा चौकोन. आज ही गत, तर पन्नास वर्षांनी काय! तोवर कोण राहणार, कंपनी राहणार का, आणि कोणाला आठवणार की या करड्या चौकोनाच्या आत एक खांब उभा आहे?

७ मार्च

दिवसभर वाचलं. म्हणजे दोन तास वाचलं, मग जुन्या काळी काचेवर फोटो कसे घ्यायचे ते वाचत बसले, मग खिडकीतल्या कबुतरानं एका काडीसाठी सतरा फेऱ्या मारल्या त्या मोजल्या. (अठराव्या फेरीला काडी खाली पडली. तरी तो गडी हटला नाही.)

जेपेग बाद. भेगेची कडाच विरघळते त्यात, आणि इथं कडेलाच तर मोल आहे. टिफ टिकाऊ, पण अवाढव्य. सगळे टिफ केले तर अशा चार-पाच डिस्क लागतील आणि उजेड-रंगाचं सगळं आधीच ठरून बसेल ते वेगळंच. मग राहतं डीएनजी. तेही कच्चंच, फक्त त्याची कृती सगळ्यांना खुली. उद्या सगळ्या कंपन्या बुडाल्या तरी कुणीही हुशार माणूस कृती वाचून फाइल उघडू शकतो. ठरलं! डीएनजी.

बदलणारं सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारतं – मूळ फाइलही आत ठेवायची का? ठेवली की आकार दुप्पट. डिस्क आधीच गच्च.

बाबांना विचारलं. लिहिलं – मूळ ठेव.

"जागा नाही हो बाबा."

पुसलं. पुन्हा लिहिलं – मूळ ठेव. यावेळी अक्षरं मोठी.

मी म्हटलं, बघते. आमच्या घरात "बघते"चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

८ मार्च

मैत्रिणीचा निरोप आला. तळ्यावरच्या होड्यांवर हंगामाचं काम आहे, राहणं-खाणं त्यांचं. वीस तारखेला पोचायचं. हो कळवलं. पाय लगेच हलके झाले.

१० मार्च

फाइल बदलणं सुरू आहे. दर मिनिटाला वीसेक. बाजूला बसून नुसतं बघायचं.

आज एका फोटोत हात दिसला. भेगेला लावून धरलेली लोखंडी मोजपट्टी, आणि ती धरणारा एक बारका, मळकट हात. अंगठ्याला चिकटपट्टी. मी बघतच राहिले – माझाच अंगठा! सायकलच्या साखळीत गेला होता तो.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची. दादा वसतिगृहात. शाळा सुटल्यावर मला कुठं ठेवायचं? म्हणून पुलाखाली. बाबा कॅमेऱ्याला डोळा लावून, मी पट्टी धरून. चष्मा काढल्याशिवाय कॅमेऱ्यातून बघता यायचं नाही आणि चष्म्याशिवाय पट्टी वाचता यायची नाही, म्हणून आकडे मी वाचायचे. वरून ट्रक जायचे, खाली वारा. घरी येईपर्यंत माझा घसा बसलेला. सारखी पळायचे मी तिथनं – बेडूक बघायला, दोरीचा तुकडा दिसला म्हणून, काहीही. "भिंगरी, हलू नकोस." दिवसातून शंभर वेळा. हे नाव त्यांनीच ठेवलं आणि मग लोकांनी मलाच दोष दिला की हिच्या पायाला भिंगरी आहे.

पुढे शाळा लांबची झाली, मग मीच लांबची झाले. पंधराव्या वर्षानंतर पट्टी कुणी धरली कोण जाणे. नंतरच्या फोटोंत पट्टी चिकटपट्टीनं लावलेली दिसते.

फोटो बाबांना दाखवला. बराच वेळ बघत होते. मग फळ्यावर – नखं काप.

मी आत्ताचा हात बघितला. बरोबर आहे त्यांचं!

१२ मार्च

डिस्क भरली. काम अडुसष्ट टक्क्यांवर अडकलं. मग आज साफसफाई!

सगळी यादी आकारानं लावली. वर मोठ्या मोठ्या फाइल – मूळ आणि नव्या. आणि खाली ढीगभर बारकं काहीतरी. ऐंशी केबी, शंभर, दीडशे. हजारो! जेवून उठल्यावर ताटाभोवती शितं पडावीत तसं. कॅमेरे असला कचरा करतातच, लग्नवाल्याकडे मी रोज उडवायचे. नाव, चिन्ह काही बघत बसले नाही, नुसते आकडे. एक एमबीच्या खालचं सगळं निवडलं आणि उडवलं. मग बदलून झालेल्या मूळ फाइलही उडवल्या – नवी उघडते आहे ना, मग जुनी कशाला? आणि दुसरी डिस्क पहिलीसारखी हुबेहूब करून घेतली, म्हणजे दोन्ही प्रती सारख्या, स्वच्छ. मग उरलेलं रूपांतर सुरू. धाडधाड पुढे गेलं!

कानात गाणी होती. बाबांनी टेबल वाजवलं, दोनदा. मी एक कान मोकळा करून म्हटलं, "चहा ना? आणते हं, दोनच मिनिटं." चहा केला. प्यायले नाहीत, तसाच निवला. हट्टी म्हातारा.

१३ मार्च

बाबा आज फळा हातातच घेत नाहीत. दादा म्हणतो, हवा बदलली की होतं असं.

१५ मार्च

शंभर टक्के! एक्केचाळीस हजार दोनशे सहा. प्रत्येक शंभरावा उघडून बघितला. करडा चौकोन एकही नाही. उद्या इंजिनिअरबाई स्वतः येणार आहेत घ्यायला. माझ्या हातून आजवर एवढं मोठं काम पूर्ण झालेलं नाही. दादापुढे मुद्दाम दोनदा बोलून दाखवलं.

सॅक काढून ठेवली.

१६ मार्च

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

इंजिनिअरबाई आल्या. बारीक चणीच्या, पायात जाड तळाचे बूट. बाबांना वाकून "कसे आहात सर?" म्हणाल्या. लॅपटॉपवर फोटो बघितले, भेगेच्या कडा मोठ्या करकरून बघितल्या. "डीएनजी. छान केलंत." मी फुगले.

"आणि नोंदी?"

"कसल्या नोंदी?"

"आवाजी नोंदी."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग कळलं त्यांना. हळूच सांगितलं. बाबांच्या कॅमेऱ्याला मागे एक बटण होतं. फोटो काढला की ते दाबायचं आणि बोलायचं. कुठला पूल, कितवा खांब, कुठली बाजू. ते बोलणं फोटोशेजारी त्याच नंबरानं वेगळ्या फाइलमध्ये राहतं. बारक्या फाइलमध्ये. शंभर-दीडशे केबी.

"भेग केवढी ते पट्टीवर दिसतं," त्या म्हणाल्या. "भेग कुठली, ते फक्त आवाजात आहे."

मी विचारलं, कचेरीत अहवाल असतील ना? म्हणाल्या, अहवालात फक्त वाढलेल्या भेगा यायच्या. ज्या वाढल्या नाहीत त्या इथंच. "आणि जून महिन्यात जुन्या कमानीच्या पुलाचं ठरणार आहे. ठेवायचा की पाडायचा. कुठली भेग सोळा वर्षं तशीच राहिली, ते दाखवता आलं तर तो वाचेल." मग विचारलं, "दुसरी प्रत असेल ना?"

दुसरी प्रत मी हुबेहूब करून ठेवली आहे. स्वच्छ.

ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

त्या गेल्यावर दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "ऑपरेशननंतर रोज दुपारी ऐकायचे ते. हेडफोन लावून, तास तास. मला कधी हात लावू दिला नाही त्या हेडफोनला. मी पण विचारलं नाही. माणूस स्वतःचा गेलेला आवाज ऐकतोय, त्याला काय विचारायचं?" मग म्हणाला, "डॉक्टरनं निदान आधी सही तरी घेतली होती."

मागचं पान उलटून बघितलं. बारा तारीख. मीच लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात – दोनदा.

दोनदा म्हणजे नाही. हे मी तीन तारखेला लिहिलंय, याच वहीत.

ओरडून थांबवायला त्यांच्याकडे काय होतं? उठून हात धरेपर्यंत झालं होतं. मला तेवढाही वेळ लागत नाही कशाला.

१७ मार्च

चहा ना, म्हणे. चहा!

१८ मार्च

डिस्कवाला. चप्पल शिवणारा आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधोमध हातभर दुकान. डिस्क कानाला लावून ऐकतो, जसं काही नारळात पाणी आहे का बघतोय.

"पुसल्यावर वर काही लिहिलंत?"

"हो. सगळं."

"दोन्हींवर?"

"दोन्हींवर."

"म्हणजे पाटी पुसलीत, वर मोठा निबंध लिहिलात, आणि आता खालचं शुद्धलेखन परत द्या म्हणताय." हसला. "काय होतं एवढं? परीक्षेचे पेपर?"

"माझ्या वडिलांचा आवाज."

हसायचा थांबला. डिस्क मऊ फडक्यात गुंडाळली. "तीन आठवडे द्या. वचन देत नाही. आणि ही दुसरी घरी नेऊ नका, तुमचा हात आहे तोवर मला भीती वाटते."

१९ मार्च

बाबांच्या समोर खाली बसले. काय बोलायचं ते जिन्यातून ठरवत आले होते, समोर आल्यावर सगळं गेलं. नुसतं म्हटलं, "बाबा, मी बघितलंच नाही."

फळ्यावर – जाऊ दे.

मग पुसून – उद्या निघणार?

मी काही बोलायच्या आत टेबल वाजवलं. एकदा. स्वतःच विचारलं आणि स्वतःच हो म्हटलं.

२० मार्च

सकाळी निघाले. दादा म्हणाला, "पोचलीस की कळव. नाहीतर राहू दे, फोन बंद असेल." स्टँडवर बाकावर बसले. गाडी लागलेली, ड्रायव्हर टायरला लाथा मारून बघत होता. समोरच्या भिंतीला भेग. छतापासून खाली, मध्ये एक वळण घेऊन. मी उठून तिला अंगठा लावून बघितला. रुंदी नखाएवढी. मग बाजूचा खांब मोजला – डावीकडून तिसरा. तिथं उभी राहून पुटपुटले, खांब तीन, बाहेरची बाजू.

शेंगा विकणारी बाई म्हणाली, "काय गं, विकत घेतेस की काय भिंत?"

गाडी गेली. होडीच्या मैत्रिणीला कळवलं, नाही जमत. तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. राग आहे की प्रार्थना, काही कळत नाही.

दादानं दार उघडलं. "काही विसरलीस?"

"हो," म्हटलं.

२२ मार्च

सुरू केलं. (फोटोंची एक प्रत डिस्कवाल्यानं तिसऱ्या डिस्कवर काढून दिली.) एक फोटो उघडायचा, लॅपटॉप बाबांकडे वळवायचा. बाबा बघतात. शेवाळ बघतात, गंजाचा ओघळ बघतात, सिमेंटात अडकलेला खडा बघतात. मग लिहितात – जुना पूल, खांब ५, आतली बाजू. मी ते मोठ्यानं वाचते आणि टाइप करते, आणि यावेळी फाइलच्या आतच. डीएनजीत तशी जागा असते. बाजूला नाही ठेवायचं काही. बाजूला ठेवलेलं माझ्यासारखी कुणीतरी येऊन उडवते.

वाचलेलं बरोबर असेल तर एकदा वाजवतात, चुकलं तर दोनदा. गंमत म्हणजे मी वाचत असताना ते डोळे मिटून घेतात. थकत असतील.

पहिल्या दिवशी एकशे चाळीस. दादानं लगेच हिशेब केला – दोनशे पंच्याण्णव दिवस. "सुट्टी न घेता. तू! दोनशे पंच्याण्णव दिवस!" हसता हसता खुर्चीत बसला. मग हसणं गेलं त्याचं. "करणार आहेस का खरंच?"

इंजिनिअरबाईंना फोन केला. म्हणाल्या, आधी जुना कमानीचा पूल तेवढा द्या, तो जूनच्या आत. सहा हजारांच्या आसपास. दोन महिने बसतात त्यात.

२५ मार्च

दादा आतून ओरडला – "खांब पाच, खांब पाच! अख्ख्या गल्लीला पाठ झाला तो खांब. हळू वाच की!"

आवाज खाली आणला. बाबांनी टेबल वाजवलं. दोनदा.

पुन्हा मोठ्यानं वाचायला लागले.

२९ मार्च

कुणाला सांगता येणार नाही म्हणून इथं.

मला बाबांचा आवाज आठवत नाही. शब्द आठवतात. हलू नकोस, नखं काप, पट्टी सरळ धर. पण डोक्यात ते बोलतात तेव्हा आवाज माझाच असतो. जाड होता का? घोगरा होता? शेवटचं फोनवर बोलले तेव्हा मी कुठल्याशा स्टेशनावर होते, गोंगाट होता, मी म्हटलं, नंतर करते बाबा. ते काय म्हणाले? "बरं" म्हणाले असतील. कसं म्हणाले?

सोळा वर्षांचा आवाज माझ्यासमोर टेबलावर पडला होता. नऊ दिवस! एक फाइल, चुकून, नुसती दाबली असती तरी.

२ एप्रिल

आज दहातल्या तीन भेगा बाबांना ओळखता आल्या नाहीत. एका भेगेपाशी पाऊण तास बसले. लिहिलं, पुसलं, लिहिलं, पुसलं. शेवटी – माहीत नाही. मार्करचं टोपण लावलं आणि आत जाऊन पडले.

इंजिनिअरबाईंना विचारलं, अंदाजे घालू का? "अजिबात नाही," म्हणाल्या. "खोट्या पत्त्यापेक्षा पत्ता नसलेला बरा. मोकळं सोडा आणि मोकळं सोडलंय असं लिहा."

'पत्ता नाही' नावाचा वेगळा फोल्डर केला. आजपर्यंत चारशे बारा.

दादानं हल्ली बोलणं बदललंय. काल माझ्या बाजूला मुकाट्यानं कपडे वाळत घालत होता. मग एकदम – "मी त्यांच्यासोबत एकदाही गेलो नाही गं पुलावर. सुट्टीत आलो की तुम्ही दोघं तिकडेच. यायचात तेव्हा बोलायचातसुद्धा ओरडून." मला वाटायचं, त्यालाच सगळं मिळालं. वसतिगृह, पुस्तकं. त्याला वाटायचं, मला.

५ एप्रिल

आज एका दिवसात एकशे ऐंशी झाले. खिडकीतल्या कबुतराचं घर पूर्ण झालं. दोन अंडी.

९ एप्रिल

डिस्कवाल्याचा फोन. एकोणीस फाइल मिळाल्या.

एकोणीस! मी म्हटलं, एकोणीस हजार? "नुसत्या एकोणीस हो. डिस्कच्या अगदी जुन्या कोपऱ्यात होत्या, पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या. तुमचा निबंध तिथपर्यंत पोचला नाही. बाकी विसरा." मी विचारलं, आवाज स्पष्ट आहे का? म्हणाला, "एक उघडली, चालते एवढं बघितलं आणि बंद केली. घरातलं आहे, मी कशाला ऐकू?"

धावत जाऊन आणल्या. पण उघडायची हिंमत होईना. बाबांना विचारलं, हेडफोन देऊ का, तुम्ही एकटे ऐका आधी. दोनदा वाजवलं. मग लिहिलं – उद्या. सगळे.

१० एप्रिल

एकोणीसही ऐकल्या. एकीतही बाबा बोलत नाहीत.

मी आहे. आठ वर्षांची, वाऱ्यात बेंबीच्या देठापासून ओरडतेय. "जुना पूल! खांब सात! आतली बाजू! भेग चार!" बटण ते दाबायचे. बोलायचे मी. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दादा दारात उभा होता. "म्हणजे रोज दुपारी तुलाच..." म्हणाला, आणि आत निघून गेला.

शेवटच्या फाइलीत सगळं सांगून झाल्यावर मी दमून विचारते, "बाबा, आता घरी जायचं ना?" ती तिथंच तुटते. उत्तर नाही.

बाबांनी टेबल वाजवलं. एकदा.